पिंजऱ्यातला जीव आणि पहिले शील



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात रविवारची वंदना आटोपली आणि एक उपासिका उभ्या राहिल्या. त्यांच्या कुटुंबाने दीक्षाभूमीवर दीक्षा घेऊन जेमतेम दोन वर्षे झाली आहेत. त्यांची मुलगी नागपुरातच औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेते. त्या घराण्यातून कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. बाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी रोज सकाळी माझ्यासंगं पंचशील घेते, अन् अकरा वाजता कॉलेजात जाऊन उंदराला सुई टोचते. हे पहिलं शील मोडनं झालं का नाही, सांगा जी."

प्रश्न साधा होता, पण विहारात दोन तट पडले. एक वयोवृद्ध उपासक म्हणाले, जीव तो जीव; मुलीने ते शिक्षण सोडून द्यावे. एक तरुण कार्यकर्ता हसून म्हणाला, आपण विज्ञानवादी माणसे, उंदराचे कसले शील घेऊन बसलात? मला विचाराल तर ही दोन्ही उत्तरे धम्माची नव्हेत. पहिल्या उत्तरात करुणा आहे, पण प्रज्ञा नाही. दुसऱ्यात प्रज्ञेचा नुसता आव आहे आणि करुणेचा तर पत्ताच नाही. म्हणून हा विषय नीट उलगडून पाहणे अगत्याचे आहे. आज आपली अनेक मुलेमुली औषधशास्त्र, पशुवैद्यक, जीवशास्त्र शिकत आहेत. आपल्यातील काही बांधव प्राणीगृहांत परिचर म्हणून नोकरीला आहेत. त्यांच्या हाती रोज पिंजरे असतात, आणि आपण विहारात बसून त्यांना एका शब्दाचेही मार्गदर्शन करू नये, हे बरे नव्हे.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार केला आहे. तिथे त्यांनी दोन भेद केले. एक, तत्त्व आणि नियम यांतला. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्याचे स्वातंत्र्य देते आणि म्हणूनच त्याच्यावर जबाबदारीही टाकते. दुसरा भेद, मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला. तथागतांनी यज्ञातील पशुहत्येचा निषेध केला, कारण तिथे कसलीही गरज नव्हती. होती ती केवळ इच्छा आणि पुरोहिताचा लाभ. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळी मरीआईला कोंबडे, बकरे दिले जात. आपण ते बंद केले. का बंद केले? कोंबडे मेल्याने पटकी जात नाही, हे आपल्याला समजले म्हणून.

मग प्रयोगशाळेतला उंदीर मेल्याने रोग जातो काय? इथे शांतपणे उत्तर द्यायला हवे. कधी जातो, कधी जात नाही. आणि या दोहोंत फरक करणे हीच पहिली कसोटी आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गिरणी कामगारांच्या दाट चाळींत माणसे पटापट मरू लागली. तो पसरतो कसा, हे कुणाला नक्की ठाऊक नव्हते. गरिबांची घाण, गरिबांच्या सवयी, असा दोष आपल्यासारख्यांच्या माथी मारणारे मात्र पुष्कळ होते. पुढे परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी गिनिपिग या प्राण्यांवर प्रयोग केले. पिसवा असलेल्या जागी जमिनीवर ठेवलेले गिनिपिग प्लेगने मेले, पण दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले, कारण पिसू एवढी उंच उडी मारू शकत नाही. रोग उंदरावरच्या पिसवेमुळे पसरतो, माणसाच्या जातीमुळे किंवा गरिबीच्या 'पापा'मुळे नव्हे, हे त्या मुक्या प्राण्यांनी सिद्ध करून दिले. कुष्ठरोगाचेही तसेच. त्याचा जंतू काचेच्या नळीत वाढतच नाही. १९६० साली अमेरिकेतील शेपर्ड यांनी तो छोट्या उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला, आणि कोणते औषध लागू पडते हे तपासण्याची वाट मोकळी झाली. वर्धा-वरोऱ्याच्या परिसरात कुष्ठरुग्णांना गावाबाहेर काढल्याच्या कथा आपण ऐकल्या आहेत; त्या रोगावर आज गोळ्यांनी मात होते. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, इन्सुलिन घ्यावे लागत असे. त्या काळी इन्सुलिनच्या खेपेची ताकद सशांवर किंवा छोट्या उंदरांवर तपासून मग ते औषध रोग्यापर्यंत जाई.

आणि सिकलसेल! हा आजार काय आहे, हे आपल्या विदर्भात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. अनुसूचित जातींच्या आणि आदिवासी समाजाच्या कितीतरी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली त्याविषयी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि लेकरू हाडे दुखतात म्हणून रात्रभर तळमळते. थंडी पडली की हे दुखणे उसळते, हे त्या लेकराच्या आईला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक असते. १९९७ साली अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी माणसाचे हेच दोषयुक्त हिमोग्लोबिन ज्यांच्या रक्तात आहे असे उंदीर तयार केले. पुढे जनुक-उपचारांच्या आरंभीच्या परीक्षा अशा उंदरांवर झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेलवरील जनुक-संपादनाच्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्याची किंमत आज आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहे, तो लढा वेगळा. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या लेकराचे दुखणे माणसाने मुद्दाम त्या उंदराच्या रक्तात घातले आहे. आणि त्याला ते दुखते. संशोधकांनी तपासून पाहिले आहे, सिकलसेलच्या उंदरांना साध्या उंदरांपेक्षा थंडी अधिक बोचते, नुसता स्पर्शही अधिक सलतो.

इथे गरज आहे, हे मी मान्य करतो. पण गरज मान्य केली की आपले काम संपले, असे पुष्कळ शिकलेले लोक समजतात. खरे तर ते तिथेच सुरू होते. त्या जीवाला आपण आपल्या गरजेसाठी पिंजऱ्यात ठेवले आहे. त्याला पळून जाता येत नाही, तक्रार करता येत नाही. त्याचे अन्न, पाणी, उजेड, ऊब, सोबत, सारे आपल्या हाती आहे. ज्याच्यावर आपली एवढी संपूर्ण सत्ता चालते, त्याच्याशी आपण कसे वागतो, इथे शीलाची परीक्षा होते. दुखणे गरजेपोटी दिले असेल. पण थंडीत कुडकुडणे, घाणीत बसणे, एकट्याने महिनोन्‌महिने भिंतीकडे बघत राहणे ही कुणाची गरज होती?

आता प्रत्यक्ष पिंजऱ्याकडे वळू. १९६० च्या प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायद्याखाली आपल्या देशात एक शासकीय समिती आहे. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. तिच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक प्राण्याला किती जागा हवी, हे लिहिलेले आहे. चारशे ग्रॅमपर्यंत वजनाच्या मोठ्या पांढऱ्या उंदराला २५८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पोस्टाची दोन कार्डे शेजारी-शेजारी ठेवली की झाली त्याची जागा! पंचवीस ग्रॅमवरच्या छोट्या उंदराला ९६.७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका कार्डाहूनही कमी. ही किमान मर्यादा आहे, याहून अधिक देण्यास कुणी मनाई केलेली नाही. पण आपल्याकडे किमान म्हणजेच पुरेसे, असा अर्थ सरकारी कचेरीपासून शाळेपर्यंत सगळीकडे लावला जातो. नेहमीच्या पिंजऱ्यात तर मोठ्या उंदराला मागच्या दोन पायांवर ताठ उभे राहून इकडेतिकडे बघताही येत नाही, आणि उंदराच्या जातीचा तो स्वभावच आहे.

त्याच सूचनांप्रमाणे खोलीचे तापमान १८ ते २९ अंशांच्या दरम्यान हवे. नागपूरकरांनो, मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो आणि अंगाला थुंकी लावतो, एवढेच त्याच्या हाती आहे. कूलर लावला की हवा दमट होते, आणि तुसात मुरलेल्या मुताचा उग्र वास वाढतो. तो वास आपल्या नाकाला झोंबतो, पण उंदराचे नाक तर रात्रंदिवस त्या तुसाशी टेकलेले असते. त्याच्या श्वासनलिकेला त्याने इजा होते. वीज गेली आणि जनित्र सुरू झाले नाही, तर त्या खोलीत काय होईल ते सांगायला नको. उलट डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाहा. छोट्या उंदराला खरे सुख तिशीच्या आसपासच्या तापमानात वाटते. आपल्याला जी खोली छान वाटते, ती त्याला गार असते. मग त्याला काय हवे? फार काही नको. मूठभर मऊ कागदाच्या पट्ट्या, थोडा कापूस, थोडे गवत. एवढे दिले की तो स्वतःच गोल घरटे बांधतो आणि आत शिरून ऊब धरतो. सिकलसेलच्या उंदराचा विचार करून पाहा. थंडीने ज्याचे दुखणे उसळते त्याला कागदाच्या पट्ट्याही मिळू नयेत?

याला शास्त्रज्ञ 'एनरिचमेंट' म्हणतात, म्हणजे पिंजऱ्यातले जिणे समृद्ध करणे. नाव मोठे आहे, वस्तू किरकोळ आहेत. घरट्यासाठी कागद. लपायला पुठ्ठ्याची नळी. कुरतडायला लाकडाचा तुकडा, कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. पायाखाली जाळी नको, सपाट तळ हवा, म्हणजे तळव्यांना जखमा होत नाहीत. डोळ्यांवर प्रखर दिवा नको. पांढऱ्या उंदराचे लाल डोळे तीव्र उजेडाने कायमचे बिघडतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सोबत. उंदीर हा संघात राहणारा जीव आहे. काही लोक म्हणतात, अशा वस्तू ठेवल्या तर प्रयोगाचे आकडे बिघडतील. २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात एका संशोधनाने दाखवून दिले की तसे काही होत नाही. खरे तर भेदरलेल्या, आजारी, एकट्या उंदरावर तपासलेल्या औषधाचा भरवसा कसा धरायचा, हा प्रश्न उलट बाजूने विचारायला हवा.

स्वच्छतेचा एक मुद्दा सांगतो, कारण आपण सारे स्वच्छतेचे भोक्ते. पिंजरा साफ हवाच. पण छोटे नर उंदीर एकमेकांना वासाने ओळखतात. पिंजरा पार धुऊन सगळेच नवे घातले तर ते परके झाल्यासारखे भांडतात. म्हणून जाणता परिचर जुन्या घरट्यातला थोडा कागद नव्या पिंजऱ्यात ठेवतो. हे शहाणपण पदवीने येत नाही, लक्ष दिल्याने येते. तसेच उचलण्याचे. शेपटीला धरून उंदीर उचलायचा, ही सगळीकडची जुनी रीत. २०१० साली इंग्लंडमधल्या हर्स्ट आणि वेस्ट या संशोधकांनी दाखवले की शेपटीला धरलेले छोटे उंदीर माणसाला घाबरून राहतात, आणि ओंजळीत किंवा नळीतून उचललेले उंदीर आपणहून हाताजवळ येतात. सिद्धार्थाने बाण लागलेला हंस कसा उचलला असेल, हे आपण मुलांना चित्रातून दाखवतो. आपल्या मुलीने प्रयोगशाळेत उंदीर कसा उचलावा, याचे उत्तर त्याच चित्रात आहे.

उंदराला काय कळते, असे म्हणणाऱ्यांसाठी एकच प्रयोग सांगतो. २०११ साली शिकागोच्या संशोधकांनी एका उंदराला अरुंद नळीत कोंडले आणि त्याच्या सोबत्याला मोकळे ठेवले. मोकळ्या उंदराने काही दिवसांत नळीचे दार उघडायला स्वतःच शिकून घेतले आणि सोबत्याला बाहेर काढले. शेजारी चॉकलेट ठेवले तरी त्याने सोबत्याला सोडवायचे टाकले नाही. पुष्कळदा चॉकलेटही वाटून खाल्ले. हा जीव प्रज्ञेत आपल्यापेक्षा कितीतरी उणा आहे. मैत्रीत तो किती उणा आहे, हे ज्याने त्याने आपल्या मोहल्ल्याकडे बघून ठरवावे.

आता एक कडू गोष्ट. वर सांगितलेल्या कायद्याचे सतरावे कलम चांगले आहे. पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर शिक्षणसंस्थांत प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. नुसता हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नयेत. शस्त्रक्रिया भूल देऊन व्हावी. पण त्याच कलमात असेही आहे की गिनिपिग, ससे, बेडूक, उंदीर अशा छोट्या प्राण्यांवर काम होत असेल तर मोठ्या प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. आणि अमेरिकेच्या १९६६ च्या प्राणी कायद्यात तर २००२ साली दुरुस्ती करून प्रयोगासाठी पैदा केलेले उंदीर आणि पक्षी 'प्राणी' या व्याख्येतूनच वगळले गेले! ज्यांची संख्या प्रयोगशाळांत सर्वांत जास्त, त्यांनाच कायद्याची सावली नाही. कुत्रा, माकड, घोडा यांच्यासाठी हळहळणारे पुष्कळ सापडतात, उंदरासाठी कोण? बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे आपल्याला शिकवले. वरच्याचा भार खालच्यावर, त्याचा भार त्याच्याही खालच्यावर, आणि अगदी तळाशी जो असेल त्याच्याविषयी कुणाला काही वाटतच नाही. जीवसृष्टीतही माणसाने अशीच उतरंड रचली आहे. लहान प्राण्याला वेदना कमी होते, असे ज्याला सिद्ध करता येईल त्याने खुशाल करावे. नुसता आकार लहान आहे म्हणून दुःखही लहान, हा युक्तिवाद आपण तरी मान्य करू नये.

शाळामास्तराच्या नात्याने मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. गैरसमज नको, मी माणसाची तुलना उंदराशी करीत नाही. मी तुलना करतो आहे ती जन्मावरून लायकी ठरवणाऱ्या खोटेपणाची, आणि तो खोटेपणा पिंजऱ्यातही उघडा पडला आहे.

अमेरिकेत ट्रायन नावाच्या प्राध्यापकाने चक्रव्यूहातून वाट काढण्यात हुशार आणि ढ अशा उंदरांची वेगवेगळी पैदास केली. पिढ्यामागून पिढ्या हुशारांची पिल्ले हुशार, ढ उंदरांची पिल्ले ढ. झाले, रक्तातच आहे म्हणणाऱ्यांना आनंद झाला. १९५८ साली कॅनडात कूपर आणि झुबेक यांनी त्याच वंशांची पिल्ले घेतली. काहींना रिकाम्या, उदास पिंजऱ्यात वाढवले, काहींना खेळण्यांनी भरलेल्या पिंजऱ्यात. काय दिसले? भरलेल्या पिंजऱ्यातल्या 'ढ' वंशाच्या पिल्लांनी हुशारांना गाठले, आणि रिकाम्या पिंजऱ्यातली 'हुशार' वंशाची पिल्ले ढ पिल्लांच्या रांगेत येऊन बसली. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कले येथे रोझेनझ्वाइग, मेरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात उंदरांच्या मेंदूचे वजनच करून पाहिले. सोबत आणि खेळणी मिळालेल्या उंदरांच्या मेंदूचा वरचा थर काही टक्क्यांनी जड भरला. त्याला ते 'समृद्ध' पिंजरा म्हणत. माझे मत विचाराल तर तो समृद्ध नव्हता, उंदराला निसर्गाने जे दिले त्यातला थोडा भाग परत केलेला होता इतकेच. ज्याला 'नेहमीचा' पिंजरा म्हणत होते, तोच दरिद्री होता.

आणि १९६३ चा रोझेंथाल आणि फोड यांचा प्रयोग तर प्रत्येक शिक्षकाने भिंतीवर लावावा असा आहे. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. अर्ध्यांना सांगितले, तुमचे उंदीर हुशार वंशाचे आहेत. अर्ध्यांना सांगितले, तुमचे ढ वंशाचे. उंदीर सगळे सारखेच होते! तरी 'हुशार' ठरवलेले उंदीर खरोखरच चांगले धावले. असे का व्हावे? ज्यांना आपले उंदीर हुशार वाटत होते, त्यांनी त्यांना अधिक मायेने, अधिक हळुवारपणे हाताळले होते. पाच वर्षांनी रोझेंथाल आणि जेकबसन यांनी हाच विचार शाळेतल्या मुलांना लावून पाहिला. त्या आकड्यांवर पुढे बरेच वाद झाले, ते होऊ द्या. ज्याच्या कपाळावर वर्गात शिरण्याआधीच 'ढ' अशी चिठ्ठी लावलेली असते, त्याला मास्तरचा हात कसा लागतो, हे आपल्या पिढीला कोणत्याही आकड्यावाचून ठाऊक आहे. त्यामुळेच मला वाटते की पिंजऱ्यात घरटे ठेवण्याचे महत्त्व आपल्या मुलामुलींना इतरांपेक्षा लवकर समजायला हवे.

ज्यांना या क्षेत्रात काम करायचे आहे, त्यांनी दोन शास्त्रज्ञांचे नाव लक्षात ठेवावे, रसेल आणि बर्च. त्यांनी १९५९ साली एका ग्रंथात तीन गोष्टी सांगितल्या. प्राण्यावाचून भागत असेल तर प्राणी वापरू नये. वापरावेच लागले तर कमीत कमी वापरावेत. आणि जे वापरावे लागतील त्यांना कमीत कमी दुःख व्हावे अशी पद्धत घ्यावी. हे आपल्याकडे घडतही आहे. पुण्याच्या विषाणू संस्थेत पूर्वी विषाणू शोधण्यासाठी उंदराच्या तान्ह्या पिल्लांना टोचत. पुढे पुष्कळसे काम पेशींच्या संवर्धनावर होऊ लागले. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत 'एक्सफार्म' नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार झाला, त्यात विद्यार्थी पडद्यावर प्रयोग करून औषधाचा परिणाम पाहतो. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०११ पासून प्राणिशास्त्राच्या वर्गातले विच्छेदन कमी करत आणले.

आणि एका शब्दाविषयी. प्रयोगाच्या वह्यांत आणि इंग्रजी निबंधांत उंदीर मारला असे लिहीत नाहीत. 'सॅक्रिफाईस' केला, म्हणजे बळी दिला, असे लिहितात. पाहा, मरीआईच्या देवळातून बाहेर काढलेला शब्द प्रयोगशाळेच्या दारातून आत शिरला! बळी म्हटले की मारणाऱ्याला पुण्य लागते आणि त्याची जबाबदारी देवाकडे जाते. आपल्या मुलीने तो शब्द वापरू नये. मारला असेल तर मारला असे लिहावे. का मारला, किती मारले, वेदना होऊ नये म्हणून काय केले, तेही लिहावे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक नावाचे गाव आहे. तिथे एक शिलालेख सापडला. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, अशोकाच्या काळचा मानला जातो, वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. त्यात राजाज्ञा आहे. प्राण्यांना पकडू नये, मारू नये, आणि मोडणाऱ्यास शिक्षा होईल. ती शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात आणून ठेवली आहे. मुलांना पेंढा भरलेला वाघ दाखवायला आपण तिथे जातो. पुढच्या वेळी ही शिळाही विचारून पाहा. दोन हजार वर्षांपूर्वी या भूमीत पकडण्याचाही विचार होत होता, केवळ मारण्याचा नव्हे. पकडलेल्या जीवाच्या जिण्याचा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. भारतीय संविधानात १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली, त्यांतही प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही कर्तव्ये एकामागोमाग एक आहेत. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावीही प्राणिमात्रांविषयीच्या दयेची आणि त्यांच्या पालनाची आहे.

त्या उपासिकेला मी काय सांगितले? मुलीने शिक्षण सोडू नये. ती सोडेल तर तिच्या जागी जो येईल तो उंदराला अधिक मायेने धरेल, याची कोण हमी देतो? पण तिने विचारायला शिकावे. हा प्रयोग पूर्वी झालेला आहे काय? दहा उंदीर लागतील तिथे वीस का मागितले? भूल कोणती, दुखणे कमी करायचे औषध कोणते? दुखणे कोणत्या टप्प्याला पोहोचले की प्रयोग थांबवायचा? प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती असते आणि तिच्या मंजुरीवाचून प्रयोग करता येत नाही. हे प्रश्न त्या समितीच्या अर्जातच असतात. ते रकाने दुसऱ्याची नक्कल करून भरू नयेत. आणखी एक गोष्ट आपल्यातील फार थोड्यांना माहीत आहे. या समितीत शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य असतात, त्यांच्यासोबत एक जागा विज्ञानक्षेत्राबाहेरच्या, सामाजिक भान असलेल्या व्यक्तीसाठी असते. ती जागा पुष्कळदा नावापुरती भरली जाते. आपल्यातील वकील, शिक्षक, ग्रंथपाल यांनी ती मागावी, आणि मिळाल्यास बैठकीत गप्प बसू नये. कागदावर सही करण्याआधी प्राणीगृहात जाऊन पिंजरे डोळ्यांनी पाहावेत.

परिचर बांधवांना वेगळे सांगायचे आहे. तुमचा पगार थोडा, मान त्याहून थोडा, हे मी जाणतो. पण त्या खोलीतल्या शेकडो जीवांसाठी शास्त्रज्ञापेक्षा तुम्ही मोठे आहात. कोणता उंदीर काल खाल्ला नाही, कोणाचे केस उभे राहिले आहेत, कोण कोपऱ्यात पाठ वाकवून बसला आहे, हे तुम्हाला आधी दिसते. ते वहीत लिहा आणि पशुवैद्याला तोंडानेही सांगा. पाण्याच्या बाटलीची नळी तुंबलेली नाही ना, हे रोज बोट लावून बघा. बाटली भरलेली दिसते आणि आत उंदीर तहानेने मरतो, असे होते. सुट्टीच्या दिवशी आणि रविवारीही प्राण्यांची पाहणी झाली पाहिजे, हे शासकीय सूचनांत लिहिलेले आहे. अशोक विजयादशमीला आपण सारे दीक्षाभूमीवर असतो, दोन-दोन दिवस घरी परतत नाही. त्या दिवसांची पाळी कुणाची, हे आठ दिवस आधी ठरवून पाटीवर नाव लिहून ठेवा. ज्याच्या वाट्याला ती येईल त्याने सकाळी पाणी आणि खाद्य बघून मग दीक्षाभूमीकडे निघावे, आणि संध्याकाळी परतताना पुन्हा एकदा कुलूप उघडून आत डोकावावे.